चार युनिट मध

पपई

कौमुदीने बरणी नाकाशी नेली, नाक मुरडलं आणि आतला सगळा ऐवज मोरीत ओतून दिला.

सकाळचे सात-चाळीस झाले होते. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे लोणच्याची एक जुनी काचेची बरणी होती आणि तिच्यात काहीतरी राखाडी... खळीसारखं. साड्यांना घालायची खळ आईने फ्रिजमध्ये कशाला ठेवली असेल, असं तिच्या मनात आलंही. पण तोवर नळ सोडून झाला होता.

"तो... माझा नाश्ता होता."

ती दचकून वळली. स्वयंपाकघराच्या दारात एक उंच मुलगा उभा होता. निळा युनिफॉर्म, जागरणाने लाल झालेले डोळे, आणि तान्हं मूल घ्यावं तशी दोन्ही हातांत धरलेली पपई.

"तुम्ही कोण?"

"वरचा. गच्चीवरची खोली. उन्मेष. काकूंनी सांगितलं नाही?"

"आईने बरंच काही सांगितलं. भाडेकरू खळ खातो, एवढंच सांगायचं राहिलं."

"खळ नाही हो. ओट्स. दुधात रात्रभर भिजवलेले."

"आणि शिजवायचे कधी?"

"शिजवायचे नाहीत."

"म्हणजे कच्चे, शिळे आणि गार."

"असं एका दमात म्हटलं की वाईट वाटतं," तो म्हणाला. मग हातातल्या पपईकडे त्याने अशा काही नजरेने पाहिलं, की तिला हसू आवरेना. "आता हिचं काय करू? हिला वर टाकायचं होतं."

"नुसती खा."

"एकटीच?"

तो पपईबद्दल बोलत होता. बहुतेक.

चिठ्ठ्या

उन्मेष मूळचा भुसावळचा. बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लँटमध्ये शिफ्ट इंजिनिअर होता. प्लँट उभा करायला एक स्विस इंजिनिअर आला होता, तो रोज रात्री असे ओट्स भिजवायचा आणि सकाळी त्यात ताजी फळं कापून घालायचा. गच्चीवरच्या खोलीत गॅस पेटवायला परवानगी नव्हती, त्यामुळे उन्मेषला ही विद्या फार उपयोगी पडली. फ्रिज तेवढा खालचा. त्याची कायम नाइट शिफ्ट. तो रात्री नऊला बरणी ठेवून जायचा आणि सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने दांडिया बाजाराच्या नाक्यावर उतरायचा. कौमुदी साडेआठला स्कूटीवर अलकापुरीत जायची. तिथे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. दोघांच्या मध्ये उरायचा तो एक तास.

दुसऱ्या दिवशी बरणीला चिठ्ठी चिकटवलेली होती.

*ही बरणी टाकू नये. आत माणसाचं अन्न आहे. – वरचा*

तिने खाली लिहिलं: *पुरावा? – खालची*

*चव घेणे हाच पुरावा.*

*पुराव्याला लोणच्याचा वास येतो.*

*बरणी बदलली आहे. बघा. बघाच...*

फ्रिजचं दार

त्या फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात, श्रीखंडाचा एक प्लॅस्टिकचा डबा असायचा. त्यात श्रीखंड नव्हतं. इन्शुलिनच्या बाटल्या होत्या.

कौमुदीला सोळाव्या वर्षी डायबेटिस झाला. आता ती अठ्ठावीसची. बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ सुई, आणि बारा वर्षं ती गोष्ट घराच्या उंबऱ्याआड. पहिल्या स्थळाला बाबांनी सरळ सांगून टाकलं. ती मंडळी चहा अर्धा ठेवून उठली. दुसऱ्या स्थळाला आईने सांगितलं नाही. ते बाहेरून कळलं, आणि मग काय बोलणी खावी लागली ते आई "आठवत नाही" म्हणते, म्हणजे रोज आठवते. तेव्हापासून श्रीखंडाचा डबा.

"आधी माणसाला तू आवडू देत," आई म्हणायची. "मग बघू सांगायचं."

कौमुदीची भीती मात्र वेगळी होती. निघून जाणाऱ्यांचं तिला आता फारसं काही वाटत नसे. सांगितल्यावर जे जात नाहीत, ते आवाज खाली आणतात. पाठीवरून हात फिरवतात. लाडवाचं ताट पुढे आलं की तिच्यासमोरून हळूच उचलतात, आणि सगळ्यांच्या लक्षात येईल इतकं हळूच. असं कोणी झालं की त्याच्याशी भांडता येत नाही, हसता येत नाही. आणि या वरच्याशी तिला भांडायचं होतं. पुष्कळ दिवस भांडायचं होतं.

केसर आंबा

मे महिन्यात एका सकाळी ओट्यावर दोन बरण्या होत्या.

"ही दुसरी कोणाची?"

"तुमची. पहिल्या दिवशी माझा नाश्ता फेकलात ना, त्याची शिक्षा."

"शिक्षा म्हणून आंबा?"

"आंबा वरून. आत ओट्स आहेत, दूध, दही, आणि डांगच्या जंगलातला मध. दोन मोठे चमचे. हयगय केलेली नाही."

तो ओट्याशी उभा राहून आंब्याच्या फोडी करत होता. रात्रभर जागा असलेला माणूस इतक्या निगुतीने काही करू शकतो, हे तिला नवीन होतं. फोड सुरीवरून घसरली की तो थांबायचा, तिच्याकडे बघायचा, जणू फोड तिनेच पाडली.

तिने चमचा तोंडात घातला. गार. मऊ. ओट्सनी दूध पिऊन घेतलं होतं, दह्याची पुसट आंबट चव मागे होती, आणि मग आंबा आला...

"काय?"

"पुरावा ग्राह्य," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिची जीभ कोरडी पडली. साखर चढली होती, मोजायची गरज नव्हती. *मला मध घालू नका.* एवढं एकच वाक्य पुरलं असतं. पण त्यामागून "का?" आला असता, आणि त्या "का"च्या मागे उभे राहिले असते पाठीवर फिरणारे हात.

दुसऱ्या दिवशी सातला तिने सिरिंजमध्ये वीसऐवजी चोवीस युनिट भरले. चारच तर वाढले. त्या एका वाक्यापेक्षा कितीतरी सोपे.

जांभूळ

"जीभ दाखवा."

"आधी तुम्ही."

"इश्श... जांभळी!"

"तुमची काय पिवळी आहे?"

आई चहाचं आधण ठेवता ठेवता भिंतीकडे तोंड करून हसली.

नासपती

श्रावण वद्य षष्ठीला कौमुदीच्या आईची शेगडी सकाळपासून पेटलेली असायची. दुसऱ्या दिवशी शीतळा सातम. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ही गुजराती सातम कधी शिरली, कुणाला ठाऊक नाही. आईने ती शेजारच्या कांचनबेनकडून घेतली होती आणि कांचनबेनपेक्षा कडक पाळायची. सकाळी गॅसच्या शेगडीला हळदकुंकू, मग देवीला जाऊन कथा ऐकायची. ती परतेपर्यंत सातमीच्या अन्नाला कोणी बोट लावायचं नाही.

"उन्मेष, तुमची तर रोजच शीतळा सातम!" आई पुऱ्या लाटत म्हणाली. "बारा महिने गार! देवी तुम्हालाच आधी पावणार बघा."

उन्मेष नेहमीसारखा हसला नाही. आई डबा आणायला आत गेली तसा तो कौमुदीजवळ आला.

"गणपतीनंतर माझी बदली होतेय. दहेजला. नवीन प्लँट."

"...अच्छा."

"अच्छा नाही. मला काकूंशी बोलायचंय. आपल्याबद्दल. पण तुम्ही हो म्हणाल्याशिवाय कसं बोलू?" त्याने सुरी पुसली. ती आधीच पुसलेली होती. "बोलू?"

गळ्याशी आलेलं "हो" तिने गिळलं. आधी ते दुसरं सांगायला हवं होतं. आणि आत आई होती, कढईत तेल होतं, स्कूटी बाहेर काढलेली होती.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "नक्की सांगते."

संध्याकाळी ती कांचनबेनकडे बाजरी-मेथीची ढेबरी लाटायला गेली आणि परतली तेव्हा तो कामावर गेलेला होता. फ्रिजमध्ये सातमीचे डबे एकावर एक रचलेले, आणि खाली कोपऱ्यात दोन बरण्या. त्या दिवशी ती जरा शांत झोपली. काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं. पहिलं वाक्य तर पाठच केलं होतं.

सातमीला सातला तिने सुई घेतली. चोवीस.

"बरणीतलं वेळेवर खाऊन घे गं," आईने दारातून बजावलं. "ते आपल्या स्वयंपाकातलं नाही, त्याला दोष नाही." आई-बाबा दोघं देवीला गेले.

साडेसात झाले. उन्मेष आला नाही. पावणेआठ. बस नाक्यावर दिसेना. तिने स्वतःच बरणी काढली, नासपती चिरून वर घातली, चमचा तोंडात घातला.

मध नव्हता.

तिने खाली ढवळून पाहिलं. आणखी एक चमचा. नव्हताच. आणि बरणीला चिठ्ठीही नव्हती. मे महिन्यापासून एक दिवस चुकली नव्हती ती चिठ्ठी.

आता खरं म्हणजे तिने साखरेच्या डब्याकडे जायला हवं होतं. बारा वर्षांचं शहाणपण होतं ते. पण त्या क्षणी तिला शरीराची आठवणच नव्हती. काल त्याने विचारलं, तिने "उद्या" म्हटलं, आणि त्याने रात्रीतून मध काढून घेतला. इतकं साधं होतं. लोक चहा अर्धा ठेवून उठतात. याने निदान बरणी भरून ठेवली...

दोन चमचे खाऊन तिने झाकण लावलं.

सव्वाआठला गच्चीच्या जिन्यावर त्याचे बूट वाजले. ती बरणी घेऊन त्याच्यामागे वर चढली. जिना आज फार लांब होता. कठड्याचं लोखंड हाताला ओलं लागत होतं, की हातच ओला होता?

"हे... हे घ्या तुमचं."

"कौमुदी? काय झालं?"

"मध कुठे गेला?" आपला आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला, जाड, रेंगाळणारा. "नको होतं तर विचारायचंच... विचारलंत कशाला? मध काढून... असं सांगतात का माणसं..."

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. घामाचे टपोरे थेंब. मग बरणी धरलेल्या थरथरत्या हाताकडे.

"तू सुई घेतलीस सकाळी?"

तू. सुई. दोन्ही शब्द तिने ऐकले, आणि त्यातल्या कोणत्या शब्दाने आपल्याला आधी धक्का बसायला हवा, ते तिला ठरवता येईना. गच्चीवरची पाण्याची टाकी हळूच एका बाजूला कलली.

साखर

त्याने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला. परत आला तो साखरेचा अख्खा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. पहिली मूठ त्यानेच तिच्या तोंडात घातली. अर्धी हनुवटीवरून सांडली.

"चाव. गिळ. आणखी."

दहा मिनिटांनी टाकी सरळ झाली. पंधरा मिनिटांनी कौमुदीला कळलं की आपण एका परक्या माणसाच्या तळहातावरची साखर चाटून खाल्ली आहे. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

तो समोर उकिडवा बसला होता.

"काल फ्रिजमध्ये जागा नव्हती. बरण्या बसेनात. म्हणून दारातला तो श्रीखंडाचा डबा..." तो अडखळला. "खरं सांगू? जागेसाठी नाही. मी चमचा घेऊनच उघडला होता तो."

तिला हसू फुटलं. एवढं सगळं होऊनही फुटलं.

"हसू नका. उघडला तर आत बाटल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव वाचलं तुमचं. चक्करच आली मला. तीन महिने मी तुम्हाला मध... मी दोन्ही बरण्या रिकाम्या केल्या, मधाशिवाय पुन्हा भरल्या. खाली बस हॉर्न देत होती. चिठ्ठी लिहायची राहिली. प्लँटवर फत्तेसिंहराव म्हणून कंपाउंडर आहेत, रात्री त्यांना सगळं विचारून घेतलं. घाम, थरथर, बडबड... त्यांनीच सांगितलं, अशा वेळी तडक साखर. म्हटलं, सकाळी लवकर येऊन बोलू. आणि आजच माझ्या जागी येणारा रिलीव्हर उशिरा आला." तो थांबला. "पण कळत नाही... मध काढल्यावर तर बरं वाटायला हवं होतं ना?"

मग तिने सांगितलं. वीस आणि चोवीस. मे महिन्यापासून.

गच्चीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली, साखर पाहून एक पाऊल पुढे सरकली.

"म्हणजे माझा मध खाता यावा म्हणून तू रोज..."

"सुई एकच असते. आकडा तेवढा पुढे जातो."

"आकडा तेवढा?" तो उठूनच उभा राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एक वाक्य! एक वाक्य बोलायचं होतं, मध नको! मी विचारलं असतं का, तर सांगायचं, आवडत नाही मला मध! काय वाट्टेल ते सांगायचं! आज मी आणखी अर्धा तास उशिरा आलो असतो तर? तू स्कूटीवर असतीस तर?"

तो ओरडत होता. कौमुदी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. बारा वर्षं ती ज्या चेहऱ्याची वाट पाहत होती, भीत भीत, तो हा नव्हता. मऊ नव्हता. आवाज खाली आलेला नव्हता. तिच्या साखरेबद्दल आजवर कोणी तिच्यावर असं चिडलं नव्हतं. सगळे हळहळले होते. दयेला राग येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. राग यायला माणूस बरोबरीचं लागतं.

"आणखी ओरड," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही... ओरड."

तो ओरडायचाच थांबला.

"स्वयंपाकघरात बूट घालून कोण गेलं?" जिन्यातून आईचा आवाज आला, आणि मागोमाग आई, हातात पूजेची थाळी. "सातमीच्या दिवशी! शेगडीपर्यंत चिखल..." आणि मग तिला सांडलेली साखर दिसली, डबा दिसला, लेकीचा ओला चेहरा दिसला. थाळी धरलेला हात हळूहळू खाली आला.

"अहो उन्मेष... तसं फार काही नाही हं ते," आई घाईघाईने म्हणाली. "जराशी साखर आहे तिला. जराशीच—"

"आई." कौमुदी भिंतीला धरून उभी राहिली. "बारा वर्षं झाली. जराशी नाही."

आईने ओठ घट्ट मिटले. इतकी वर्षं मारून ठेवलेली गाठ एका दमात सुटत नाही. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, थाळीतला अंगारा कौमुदीच्या कपाळाला लावला, आणि ती जिना उतरून गेली.

भुसावळ

"मी आत्ताच बोलतो काकूंशी," उन्मेष म्हणाला.

"थांब. आधी तुझ्या आईला फोन लाव."

"मी सांगेन ना तिला. सावकाश, नीट—"

"तू नाही. मी."

"कौमुदी..."

"माझ्याबद्दल नेहमी कोणीतरी दुसरंच सांगतं. नाहीतर लपवतं. एकदा मला सांगू दे."

त्याने नंबर लावून मोबाइल तिच्या हातात दिला. पलीकडे रिंग गेली. कुकरची शिट्टी ऐकू आली. भुसावळला आज चूल पेटलेली होती.

"मी कौमुदी बोलतेय. बडोद्याहून. उन्मेष ज्यांच्याकडे राहतो, त्यांची मुलगी."

"हां, हां! बोल ना बाळा. त्याच्या बोलण्यात तर तूच असतेस नुसती."

पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना. तिने जे आठवलं तेच म्हटलं.

"मला डायबेटिस आहे. सोळा वर्षांची असल्यापासून. रोज दोनदा इन्शुलिन घ्यावं लागतं, ते जन्मभर. उन्मेष आज-उद्या तुमच्याशी माझ्याबद्दल बोलेल. त्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून फोन केला."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज.

"सुई कोण देतं तुला?"

"मीच घेते."

"सोळा वर्षांची होतीस तेव्हापासून?"

"हो."

पलीकडे शांतता. कौमुदीने ती भरायचा प्रयत्न केला नाही. खाली रस्त्यावर केळेवाल्याची हाक आली आणि विरली.

"हे बघ बाळा, मी खोटं नाही बोलत," शेवटी आवाज आला. "मला विचार करायला लागेल. त्याच्या वडिलांशी बोलावं लागेल. लगेच हो म्हणाले तर तेही काही खरं नाही ना गं?"

"नाही. तुम्ही करा विचार."

"रागावलीस?"

"नाही," कौमुदी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला जाणवलं की ते अगदी खरं आहे.

तिने फोन ठेवला. ते वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला स्वतःहून सांगितलं होतं. समोरची बाई उठून गेली नव्हती, पाठीवरून हात फिरवला नव्हता. तिने विचार करायला वेळ मागितला होता. इतका साधा मान आपल्याला मिळू शकतो, हे माहीतच नव्हतं.

"काय म्हणाली?" उन्मेषने विचारलं.

"विचार करते म्हणाल्या."

"किती दिवस?"

"ते नाही विचारलं. त्यांना लागतील तेवढे."

तो कठड्याला टेकला. रात्रपाळीचा शीण आता त्याच्या खांद्यांवर दिसत होता.

"आणि... तूही विचारच करते आहेस ना? कालपासून?"

"माझा झाला करून," कौमुदी म्हणाली. "आई खाली फरशी पुसतेय. जा, बोल तिच्याशी. आणि हे बघ... या वेळी बूट काढून जा."